उसाच्या नोंदीबरोबर घरच्या धान्याची नोंद



गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या ऊस विकास विभागातर्फे या पानावर बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहिले जाते. या वेळी विषय वेगळा घेतला आहे. तो आहे घरातल्या रोजच्या जेवणाचा. ऊसखात्याच्या माणसांनी चुलीपर्यंत यायचे कारण काय, असे कोणी म्हणेल. कारण असे, की शिवारफेरीत लागणीच्या गोष्टी करत बांधावर बसलो असताना एका सभासद भगिनीने आम्हाला विचारले, "साहेब, एकरी टन कसं वाढवायचं ते तुम्ही मालकांना सांगता. पण बिल आलं की आधी दुकानदाराची वही मिटवायची, आणि आषाढात पुन्हा वही उघडायची. ह्यावर काय औषध हाय का तुमच्याकडं?" त्यावर आम्ही कागद-पेन्सिल काढून हिशेब मांडला. तोच हिशेब येथे देत आहोत.

समजा, घरात सहा माणसे आहेत: म्हातारा-म्हातारी, नवरा-बायको, दोन मुले. धान्य, डाळ, तेल, भाजी आणि किराणा मिळून महिन्याला ८,००० रुपये लागतात. वर्षाचे झाले ९६,०००. तोडणी-वाहतूक वजा जाता टनामागे ३,००० रुपये हातात पडले असे धरले, तर हा खर्च ३२ टन उसाचा झाला. एकरी ३०-४० टन उतारा असणाऱ्या शेतकऱ्याचा जवळजवळ एक एकर ऊस केवळ पोटाकडे गेला. त्यातून सोसायटीची वसुली वेगळी, शाळा-दवाखाना वेगळा. आकडे ज्याने त्याने आपल्या घरचे घालावेत, भाव गावागणिक वेगळा असतो. पण एकदा तरी खर्च रुपयात न मांडता टनात मांडून बघा. आपण लागण करताना बेण्याचे डोळे मोजतो, खताची पोती मोजतो. घरात वर्षाला किती धान्य लागते हे मात्र कोणी मोजत नाही.

याचे एक मूळ आहे. रानात काय पेरायचे ते कारभारी ठरवतो आणि घरात काय शिजवायचे ते कारभारीण. दोघांची गाठ पडते ती थेट किराण्याच्या बिलावर. तेव्हा पहिली सूचना अशी, की पूर्वहंगामी लागणीची आखणी करताना दोघांनी एकाच कागदावर बसावे. एका बाजूला गट नंबर, क्षेत्र आणि लागणीची तारीख. दुसऱ्या बाजूला वर्षाचे धान्य.

वर्षाचे किती लागते?

सहा माणसांचे घर खाण्याच्या हिशेबाने पाच मोठी माणसे धरू. रानात कष्ट करणाऱ्या माणसाला दिवसाला सरासरी ४०० ग्रॅम धान्य लागते. म्हणजे पाच जणांना रोज २ किलो, वर्षाला ७३० किलो. पै-पाहुणा, सणवार, गावची जत्रा धरून आठ क्विंटल म्हणा. त्याची वाटणी आपल्या भागाच्या सवयीप्रमाणे करावी. आमच्या मते ४ क्विंटल ज्वारी-बाजरी, अडीच क्विंटल गहू आणि दीड क्विंटल तांदूळ ही वाटणी बरी. रेशनवर धान्य मिळत असेल तर तेवढे यातून वजा करा.

डाळी-कडधान्याचा हिशेब मात्र फार घरांत चुकतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यात बेताचे काम करणाऱ्या मोठ्या माणसाच्या दिवसाच्या ताटात ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य, ४०० ग्रॅम भाजीपाला, ३०० मिलिलिटर दूध आणि सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप सांगितले आहे. पाच माणसांना वर्षाला दीड क्विंटलच्या वर डाळ-कडधान्य झाले. आपल्याकडे बहुतेक घरांत महिन्याला चार-पाच किलो डाळ येते आणि आमटी पातळ होत जाते. भाकरी पोटभर, पण कालवण नावाला. ज्वारी-गव्हाच्या प्रथिनात जे कमी असते ते डाळीत असते, आणि डाळीत जे कमी ते धान्यात. दोन्ही एका ताटात आली म्हणजे अंगी लागतात.

तेल उलट, आपण जास्त वापरतो. पाच माणसांना महिन्याला ४ किलो पुरावे. तुमच्या घरी किती डबे येतात ते आठवून बघा.

आणि दूध. गोठ्यात दोन म्हशी असतील तरी सगळे दूध डेअरीला जाते, घरात चहापुरते राहते. वरच्या हिशेबाने या घराला रोज दीड लिटर हवे. दीड जमत नसेल तर निदान मुलांचे आणि घरात कोणी गरोदर किंवा अंगावर पाजणारी असेल तर तिचे आधी बाजूला काढावे, मग कॅन डेअरीला न्यावा.

पैसा आणि सुगी एकाच वेळी येतात

आता खरी मेख बघा. आपला कारखाना दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि फाल्गुन-चैत्रापर्यंत चालतो. ऊसबिलाचा पैसा याच काळात हाती येतो. नवा तांदूळ बाजारात येतो नोव्हेंबर-डिसेंबरला. तूर जानेवारी-फेब्रुवारीत, हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये, शाळू फेब्रुवारी ते एप्रिल आणि गहू मार्च-एप्रिलमध्ये. मिरचीची आवकही फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत भरात असते. म्हणजे ज्या महिन्यांत आपल्या हाती पैसा असतो त्याच महिन्यांत धान्याचा भाव बहुधा पडलेला असतो. त्या वेळी आपण मोटारसायकलीचा हप्ता, सोयरिकीचा आहेर, देवदेव उरकतो. आणि जून-जुलैत पैसा आटला म्हणजे तेच धान्य पाच-पाच किलोने, चढ्या भावाने आणि तेही उधारीवर आणतो. उधारीवर घेणाऱ्याला भाव करता येत नाही, ही गोष्ट उसाच्या पट्ट्यात सर्वांना ठाऊक आहे.

म्हणून पहिल्या हप्त्यातून, इतर काहीही करण्याआधी, वर्षाच्या धान्या-डाळीची रक्कम बाजूला काढावी. जिल्हा बँकेत घरच्या कारभारणीच्या नावाने निराळे खाते असेल तर उत्तम. रक्कम घरात राहिली तर राहत नाही, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो! त्यातून त्या त्या महिन्यात त्या त्या धान्याची बेगमी करावी. आपल्याच गावात कोरडवाहू रान असलेला शेतकरी शाळू करत असेल तर मळणीवरच पोती ठरवून घ्यावीत. त्याचे अडतीचे वाचते, आपले दुकानाचे.

रानातून काय काढता येईल?

आम्ही ऊस मोडून ज्वारी करा असे सांगत नाही. तसे सांगणे हिशेबातही बसत नाही. बागायत २० गुंठ्यांत साधारण ४-५ क्विंटल ज्वारी आणि कडबा निघतो. त्याच २० गुंठ्यांत ऊस केला तर वर्षभरात पैसा जास्त होतो. ज्वारी करायची ती जिथे पाटाचे पाणी शेवटपर्यंत पोचत नाही, ऊस कायम कानी पडतो, अशा तुकड्यात. असा तुकडा प्रत्येकाच्या रानात असतो आणि कुठला ते मालकाला पक्के माहीत असते. शाळूची पेर १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर साधावी. मालदांडी म्हणजे एम ३५-१ हे जुने वाण भाकरीला अजूनही घराघरांत पसंत आहे. फुले वसुधा, फुले रेवती ही वाणेही चांगली आहेत.

खरी जागा आहे ती उसाच्या बेवडात. खोडवा नोव्हेंबर-डिसेंबरात तुटून गेला आणि पुढे जुलैमध्ये आडसाली लागण करायची असेल, तर मधले सहा-सात महिने रान मोकळे पडते. पाणी असूनही त्यात नुसते ढेकळे तापत ठेवण्यात अर्थ नाही. ऊस लवकर गेला तर हरभरा साधतो, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत उशिराचा गहू साधतो, आणि जानेवारीत तुटला तर १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारीत उन्हाळी भुईमूग. दहा गुंठे हरभऱ्यात दोन-सव्वादोन क्विंटल माल येतो, म्हणजे घराचे वर्षाचे कडधान्य आणि पुरणाची डाळ सुटली. दहा गुंठे उन्हाळी भुईमुगातही नीट पाणी दिले तर दोन-अडीच क्विंटल वाळल्या शेंगा मिळतात. शंभर किलो शेंगांचे सुमारे ७० किलो दाणे, आणि शंभर किलो दाण्यांचे घाण्यावर ४० किलोच्या आसपास तेल. दोन क्विंटल शेंगांत ५५ किलो तेल होते. वर वर्षाला ४८-५० किलोची गरज काढली आहे, तेव्हा हा हिशेब जुळतो. पेंड जनावरांना वर. शिवाय हरभरा-भुईमुगाची मुळे रानात नत्र ठेवून जातात आणि त्याच्यावरची आडसाली लागण उठून दिसते. एवढे झाल्यावरही मे अखेर ते जुलै ताग पेरायला वेळ उरतो. यात उसाचे एक टनही कमी होत नाही.

दुसरी जागा उभ्या लागणीतली. साडेचार-पाच फुटी सरी किंवा जोडओळ पट्टा पद्धत असेल तर पहिले तीन-साडेतीन महिने मधली जागा रिकामीच असते. पूर्वहंगामी लागणीत कांदा, बटाटा, हरभरा, कोबी, फ्लॉवर, वाटाणा घ्यावा. सुरूत भुईमूग, मूग, भेंडी, गवार, काकडी. मेथी आणि कोथिंबीर ३५-४० दिवसांत निघून जाते, ती कुठल्याही लागणीत बसते. कांद्याच्या चार-पाच सऱ्या घराच्या वर्षाच्या कांद्याला पुष्कळ झाल्या. आंतरपिकाला त्याचे खत वेगळे द्यावे, उसाच्या तोंडचे त्याला देऊ नये. मोठ्या बांधणीच्या आत पीक निघालेच पाहिजे; चार पेंड्यांच्या लोभाने बांधणी लांबवली तर ऊस खातो. मका आणि गहू उसात घेऊ नये, ही दोन्ही पिके उसाशीच झगडतात.

येथे एका गोष्टीवर आम्ही थोडे जास्त लिहितो, कारण प्रश्न जिवाचा आहे. आंतरपीक असलेल्या लागणीत ॲट्राझिन किंवा २,४-डी हे तणनाशक चालत नाही. ॲट्राझिनने कांदा, हरभरा, भुईमूग मरतो आणि २,४-डी चा नुसता वारा लागला तरी रुंद पानांचे पीक वळते. मग पीक मेले नाही, थोडे पिवळे पडून सावरले, म्हणून ती भाजी काढून घरात नेतात. तसे करू नये. हुमणी किंवा खोडकिडीसाठी दाणेदार औषध टाकलेल्या सरीतली मेथी-कोथिंबीरही खाऊ नये. सरळ उपाय असा: ज्या सऱ्या घरच्या खाण्यासाठी आहेत त्या विहिरीच्या किंवा वस्तीच्या बाजूला एकत्र राखाव्यात, त्यांना खुरपणीच द्यावी, आणि फवारणीच्या गड्याला तोंडी न सांगता तिथे काठी रोवून चिंधी बांधावी. पंप पाठीवर असला म्हणजे माणूस सरी मोजत नाही.

परसबागेविषयी सर्वांनाच माहीत आहे, म्हणून थोडक्यात. एक गुंठा पुरे. न्हाणीचे पाणी अळूला आणि केळीला, कुंपणाला शेवगा, मांडवावर दोडका-घेवडा, दारात लिंबू, कढीपत्ता, पपई. शेवग्याचा पाला फुकट जातो, त्याची भाजी करावी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातील १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्त कमी असल्याचे आढळले आहे. दारात पालेभाजी असूनही हे होते. पालेभाजीवर लिंबू पिळावे, म्हणजे त्यातले लोह अंगी लागते. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, तो लोह अडवतो. शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या वाटणीला भांड्यातले काय उरते, ते घरच्या पुरुषांनी एकदा झाकण उघडून बघावे.

आठवड्याचा बेत

आता बाजाराच्या दिवसाचे. भाजी आणल्यावर तिचा क्रम लावला तर निम्मी नासाडी वाचते. मेथी, कोथिंबीर, पालक त्याच संध्याकाळी निवडून, ओले न ठेवता फडक्यात गुंडाळावे आणि पहिल्या दोन दिवसांत संपवावे. त्यानंतर भेंडी, गवार, वांगी. दुधी, भोपळा, कोबी मागे ठेवावा. पाचव्या-सहाव्या दिवशी भाजी संपली की मटकीची उसळ, हरभऱ्याची आमटी, पिठले, शेंगदाण्याचे म्हाद्या. भाजी नाही म्हणून गाडी काढून बाजाराला जायचे कारण नाही. तेलाचे आणि वेळेचे दोन्हीचे नुकसान होते.

लागण आणि तोडीच्या दिवसांत बाईमाणूसही रानात असते आणि घरी येऊन चूल पेटवायची. अशा आठवड्यासाठी थोडी तयारी आदल्या बाजारी करून ठेवावी. आठवड्याचे शेंगदाणे भाजून कूट, लसूण सोलून, जवसाची किंवा कारळ्याची चटणी डब्यात. मटकी सकाळी भिजत घातली तर रात्री फडक्यात बांधता येते आणि दुसऱ्या दिवशी मोड येतात. एकदा बांधलेली मटकी दोन वेळा पुरते. डाळ, हरभरा भिजवून शिजवला तर गॅस निम्मा लागतो. संध्याकाळी कुकरला डाळ जास्त लावून अर्धी सकाळच्या आमटीला ठेवणे चालते, पण उन्हाळ्यात ती फ्रीजमध्ये ठेवावी, नाहीतर रात्रभरात आंबते. शिळ्या भाकरीचा फोडणीचा कुस्करा हा आमचाही आवडता नाश्ता आहे. पोरांना पाच रुपयांच्या पुड्यांपेक्षा मूठभर दाणे आणि गूळ केव्हाही चांगला. ज्वारीचे पीठ मात्र आठवड्याचेच दळावे. जास्त ठेवले तर त्याची विरी जाते, भाकरी थापताना फाटते आणि चव कडवट लागते.

एक गोष्ट साखर कारखान्याच्या पत्रिकेत लिहिणे चमत्कारिक वाटेल, तरी लिहितो. सभासदांना सवलतीची साखर मिळते म्हणून ती घरात पोत्याने राहते आणि चहात चमच्याने न पडता वाटीने पडते. मोठ्या माणसाला दिवसाला २५ ग्रॅमच्या आत साखर असावी. या घराला महिन्याला पावणेचार किलो झाली, आणि तीही गोडधोड, चहा सगळे धरून. राहिलेली पुढच्या सणाला ठेवा, ती कुठे जात नाही.

साठवण

बेगमी केली आणि पोरकिड्याने खाल्ली तर सगळे मुसळ केरात. धान्य चैत्राच्या उन्हात दोन-तीन दिवस चांगले वाळवावे. दाताखाली कट्कन फुटले पाहिजे. वाळलेले धान्य निवू द्यावे, गरम असताना कोठीत भरू नये. पत्र्याची कोठी भिंतीपासून वीतभर दूर आणि विटांवर ठेवावी. कडुलिंबाचा वाळलेला पाला थराथराने घालावा. गव्हाला आणि तुरीला एरंडेलाचा हात लावून ठेवतात तो चांगला. डाळ मात्र भरडूनच ठेवावी. अख्ख्या कडधान्याला भुंगा लवकर लागतो. कांदा पात पूर्ण सुकल्यावर कापून, वाऱ्याच्या जागी पसरून ठेवावा. पोत्यात कोंडला की सडतो.

धान्यात ठेवण्यासाठी बाजारात ज्या फॉस्फाईडच्या गोळ्या मिळतात त्या राहत्या घरात कदापि ठेवू नयेत. त्यांतून निघणारा वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो आणि त्यावर उतारा नाही. सर्वसामान्य माणसाने त्या वापरण्यास सरकारी मनाई आहे, तरी दुकानदार चिठ्ठीवाचून देतात. पूर्वी आणलेल्या कोठीत असतील तर आजच गट कार्यालयात कळवा, उचलून नेऊन नष्ट करण्याची पद्धत आमचे कर्मचारी सांगतील. पोरांच्या हाती लागण्याआधी.

पूर्वहंगामी लागणीच्या नोंदी सुरू आहेत. नोंद देताना कोणत्या गटात, कोणते आंतरपीक, किती सऱ्या घेणार ते चिटबॉयला सांगून फॉर्मवर शेऱ्याच्या रकान्यात लिहून घ्यावे, म्हणजे त्या प्लॉटला तणनाशकाची शिफारस दिली जाणार नाही. हरभऱ्याला पेरणीपूर्वी रायझोबियम चोळण्यास विसरू नये. शिवारफेरीत आम्ही नेहमीप्रमाणे येऊच. त्या वेळी वर सांगितलेला एक कागद, दोघांनी मिळून केलेला, जवळ असू द्या. त्यावर दोन्ही बाजू भरलेल्या असल्या तर बोलायला बरे पडते.

— ऊस विकास अधिकारी